उभ्यानं घेतलेलं माप

आबा, उद्या तुमचं बारावं. मांडव घातला आहे, भांडी आली आहेत, आचाऱ्याला किती माणसं ते सांगून झालं आहे. तळवलीहून यमुनाआत्या येणार आहेत. तुमची एकुलती एक बहीण, आणि गेले पाच महिने त्यांनी तुमच्या घरात पाऊल टाकलं नाही. स्मशानातही बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या. त्यांना वाटतं की तुमचे पाय त्यांच्या हातानं गेले. उद्या मला त्यांना सांगायचं आहे की तसं नाही. त्याआधी तुम्हाला सांगते. अर्धी गोष्ट तुम्हाला माहीत होती, उरलेली अर्धी मी तुमच्यापासून लपवली.

सुरुवात त्या रेडिएशनच्या ओपीडीबाहेरच्या बाकापासून करायला हवी. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनवर दोन वर्षं तुमचं चाललं होतं. तुम्ही मजेत होतात, कट्ट्यावर जात होतात. मग कंबर दुखायला लागली, मग रात्रीची झोप गेली, मग स्कॅन झाला. आत डॉक्टरबाईंनी सांगितलं की प्रोस्टेटचा आजार मणक्याच्या हाडात उतरला आहे, आणि एक गाठ मज्जारज्जूला टेकायला आली आहे. पाच दिवस रेडिएशनचा शेक द्यायचा. बाहेर आल्यावर तुम्ही बाकावर बसलात आणि महेशला विचारलंत की यानं बरा होईन का. महेशनं मोबाइल काढून उरणच्या यार्डात फोन लावला. तुमचा मुलगा कंटेनरच्या थप्प्या बिनचूक लावतो, पण असल्या प्रश्नाला त्याच्याकडे जागा नसते.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "विद्या, तू सांग."

मी सांगितलं. दुखणं कमी होईल. पाय वाचवायचे आहेत, म्हणून घाई आहे. आजार राहील.

तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत होतात. आपल्याला पुढे कुठे जायचं याचे बाण तिथे रंगवले होते. मग म्हणालात, "मंग पाय वाचव."

त्या दिवसापासून तुम्ही दुसऱ्या कुणाला काही विचारलं नाही. औषध कुठलं, कशासाठी, किती दिवस, सगळं माझ्याकडून. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते. मी या घरात आले तेव्हा साताऱ्याकडची, मासे न ओळखणारी सून होते. तुम्हीच मला बाजारात नेऊन कल्ले उघडून बघायला शिकवलंत, आणि कोळणीसमोर माझी चूक झाली तर मोठ्यानं हसायचात. तीच मी आता तुमच्या फाइलची मालक झाले होते.

त्या आजारात लाजेचा भाग मोठा होता. पुढे लघवीला नळी आणि पिशवी लावावी लागली, ती पहिल्यांदा मी रिकामी केली तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.  दुसऱ्या दिवशी तुम्हीच तोडगा काढलात. मी वाकायच्या आधी पिशवीवरचा आकडा वाचून वर्कशॉपमधल्यासारखा ओरडून सांगायचात, "साडेसातशे!" आणि मी वहीत लिहायचे. काम म्हटलं की आपल्या दोघांना सोपं जायचं.

पण एका बाबतीत तुम्ही माझं ऐकलं नाहीत. गावात, भावकीत सगळ्यांना सांगितलं होतं की आबांच्या मणक्यात गॅप आहे. आपल्या शिरवण्यात निम्म्या म्हाताऱ्यांच्या मणक्यात गॅप आहे, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. मी म्हणत होते की निदान यमुनाआत्यांना तरी सांगा. आपण यावर तीनदा भांडलो. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "त्या जाग्याचा आजार. बहिनीला काय सांगू?" आणि ताट सरकवून उठलात. मी तो विषय सोडला. सोडायला नको होता. पुढचं सगळं त्या एका न सांगण्यावर उभं राहिलं.

खुणा काढल्या तो दिवस तुम्हाला आवडला होता. तुम्हाला सीटीच्या टेबलावर उताणं झोपवलं, भिंतीतून लाल उजेडाच्या रेघा तुमच्या अंगावर पडल्या, आणि त्या रेघा जिथे एकमेकींना कापत होत्या तिथे टेक्निशियन मुलीनं पेनानं तीन फुल्या काढल्या. एक पोटावर, एकेक दोन्ही कुशींवर. वरून पारदर्शक पट्टी चिकटवली. बाहेर येऊन तुम्ही मला म्हणालात की ही पोरगी सेंटर लाइन मारते. बेलापूर रोडवरच्या कारखान्यात तीस वर्षं तुम्ही मार्कर होतात. टाकीच्या पत्र्यावर कुठे कापायचं, कुठे वाकवायचं, कुठे भोक पाडायचं याच्या रेघा तुमच्या असायच्या. तुमची रेघ पडल्याशिवाय गॅस कटर पेटायचा नाही. त्या मुलीला तुम्ही जणू आपल्या खात्यातली मानलीत.

तिनं दोन गोष्टी बजावल्या. खुणांना पाणी, साबण, तेल लावायचं नाही. आणि पुसल्या गेल्याच तर स्वतः काढायच्या नाहीत, फोन करायचा. तशा कागदावर मी सही केली.

घरी आल्यावर तुम्ही कपाटाच्या आरशासमोर उघडे उभे राहिलात आणि स्टीलची टेप काढलीत. बेंबीपासून किती, कमरेच्या हाडापासून किती, सगळं मोजून खिशातल्या डायरीत इंच आणि त्याखालच्या सुतासकट लिहिलंत. मी हसले. आबा, ही काय टाकी आहे का? तुम्ही म्हणालात, "निशानी गेली तं शोधनार कशी?"

मला ते पटलं. मी परीक्षा विभागात काम करते, प्रत्येक कागदाची दुसरी प्रत ठेवणारी बाई आहे. मला वाटलं, शहाणा माणूस.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन शेक झाले. गुरुवारी दुखणं वाढलं. एखाद-दोन दिवस तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी महेशनं यार्डातून फोन करून सांगितलं की थांबव हे सगळं. मी थांबवलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः उठून ओट्यावर जाऊन बसलात आणि चहा मागितलात. उजव्या पायाला मुंग्या होत्या, पण चालत होतात. शनिवार-रविवार मशीन बंद. सोमवार-मंगळवार उरले होते.

शनिवारी नितीनची हळद होती. तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणजे घरातलंच लग्न, आणि तुम्ही भावकीत थोरले. जाऊ नका असं मी म्हटलंच नाही. खुर्चीत बसायचं, आशीर्वाद द्यायचा, तासाभरात परत, असं ठरलं. आपल्याकडची हळद तासाभरात कुणाला सोडत नाही हे मला पंचवीस वर्षांत कळायला हवं होतं. हळदीची गाणी, धवले, म्हणून झाले, नवऱ्याला हळद लागली, आणि मग जो सापडेल त्याला लावायला सुरुवात झाली. यमुनाआत्या दोन्ही हात भरून तुमच्यासमोर आल्या. तुम्ही हात जोडून नको म्हणालात. अख्खा मांडव बघत होता.

"दादूस, लाजतंस काय? तुझ्या लग्नात मीच लावली होती."

आणि त्यांनी तुमच्या सदऱ्याखाली हात घालून पोटाला, कुशींना हळद चोळली. तेलातली, ताजी. बायका हसत होत्या. तुम्हीही हसलात. मी चार हातांवर होते. मी ओरडून थांबवू शकले असते, पण काय सांगून? मणक्यात गॅप असलेल्या माणसाच्या पोटाला हळद लागली तर काय बिघडतं? मी पाहत राहिले. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि मान हलवलीत, गप्प राहा अशी.

घरी येऊन तुम्ही गरम पाण्यानं आंघोळ केलीत. तेलानं पट्ट्या सुटल्याच होत्या. हळद काढायला म्हणून तुम्ही सवयीनं साबण घासलात. रविवारी सकाळी मी सदरा वर केला तर पोटावर नुसता पिवळा डाग होता. कुशींवर काहीच नाही.

आबा, इथपर्यंतचं घरात सगळ्यांना माहीत आहे. आता माझा भाग.

तुम्ही पहिलं वाक्य काय म्हणालात ते मला स्वच्छ आठवतं. तुम्ही म्हणालात, त्या पोरीला फोन लाव.

नको म्हणाले ती मी. मी एका दमात हिशेब मांडला. आज रविवार, कोण फोन उचलणार. सोमवारी खुणा नाहीत म्हटल्यावर पुन्हा सीटी, पुन्हा नंबर, दोन दिवस सहज जातील, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे की खंड पडू देऊ नका. तुमच्याकडे मापं आहेत. सुतासकट आहेत. तुम्ही जन्मभर हेच केलंत. आपण काढू, पाच मिनिटांचं काम आहे. मी बोलत असताना तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुम्हाला ते पूर्ण पटलेलं नव्हतं. पण मी चुकत नाही अशी या घरात माझी ख्याती आहे, आणि ती तुम्हीच पसरवलेली.

मग तुम्ही एकच अट घातलीत. काढायच्या तर नीट काढायच्या, तिथे झोपवतात तसं झोपून. तुम्ही पलंगावर उताणे झालात, डायरी छातीवर धरलीत, आणि मापं सांगत गेलात. टेप मी धरली. पेनही माझंच, ऑफिसात गठ्ठ्यांवर नंबर टाकायचं काळं मार्कर पेन. तीन फुल्या काढल्या. तुम्ही मान उचलून बघितलंत आणि म्हणालात, हात सरळ आहे तुझा.

सोमवारी तुम्ही मशीनवर गेलात आणि वीस मिनिटं झाली तरी बाहेर आला नाहीत. मशीन चालू झालं की दाराच्या वर लाल दिवा लागतो, मी तो बघत होते. तो पेटलाच नाही. दार उघडलं, टेक्निशियन मुलीनं मला आत बोलावलं. तुम्ही टेबलावर पडलेले, सदरा वर. तिनं शेक द्यायच्या आधी फोटो काढून बघितला होता आणि हाड जिथे दिसायला हवं तिथे दिसत नव्हतं. दोन सेंटिमीटरचा फरक. ती घाबरली होती. मशीन सुरू केलं नाही, म्हणून चुकीच्या जागी काही गेलं नाही, हे तिचे उपकार.

तिनं विचारलं, "काका, ही खूण आमची नाही. कोणी काढली?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तुम्ही आधी बोललात.

"मी. मार्करचं काम केलंय मी. म्हटलं, मीच काढतो."

मी तोंड मिटलं.

मग डॉक्टरबाई आल्या. त्या तुम्हाला बोलल्या, चांगल्या कडक शब्दांत, टेबलाशेजारी उभ्या राहून. म्हाताऱ्या माणसाला शाळेतल्या मुलासारखं ऐकून घ्यावं लागलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मी तुमच्या चपला हातात घेऊन उभी होते. फरक कुठे पडला तेही त्यांनीच शोधलं. मापं कशी घेतली होती असं विचारल्यावर तुम्ही सांगितलंत, आरशासमोर उभं राहून. आणि खुणा काढताना? झोपून. त्या म्हणाल्या की उभ्या माणसाची कातडी आणि झोपलेल्या माणसाची कातडी एका जागी राहत नाही. पोट सुटतं, सरकतं. तुमचा चेहरा तेव्हा पडला. त्या बोलल्या म्हणून पडला नव्हता. पत्रा उभा केला काय, आडवा टाकला काय, त्यावरची रेघ हलत नाही. तुम्हाला ही गोष्ट तीस वर्षांत कधी विचारात घ्यावी लागली नव्हती. मापं घेतली तशाच उभ्यानं खुणा काढल्या असत्या तर कदाचित जवळपास आल्या असत्या. जास्त नीट करायला गेलो आणि चुकलो.

त्या दिवशीचा सीटीचा वेळ या चौकशीत निघून गेला. सकाळी दारातच सांगितलं असतं की खुणा गेल्या आहेत, तर त्याच दिवशी नव्या काढून शेक दिला असता. हे मला त्या मुलीनं सांगितलं, सहज, रागानं नव्हे. मंगळवारी सीटी झाली. बुधवारी चौथा शेक, गुरुवारी पाचवा.

मंगळवारी दुपारी रिक्षातून उतरताना तुमच्या उजव्या पायातली चप्पल रस्त्यातच राहिली आणि तुम्हाला कळलं नाही. मी ती उचलून आणली. तुम्ही पायाकडे बघितलंत, मग माझ्याकडे.  त्या संध्याकाळपासून तो पाय ओढत चालायला लागलात. बुधवारी डॉक्टरांनी स्टेरॉइडचा डोस वाढवला. शेक पूर्ण झाले. उजवा पाय परत आला नाही. डावा दोन महिने टिकला.

मी एकटी जाऊन डॉक्टरबाईंना विचारलं. दोन दिवस गेले म्हणून पाय गेला का? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की सांगता येत नाही. गाठ आधीच टेकलेली होती, सोमवारी शेक मिळाला असता तरी गेला असता, किंवा राहिला असता. मी म्हटलं, मला एक उत्तर द्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे असतं तर दिलं असतं." मी उत्तर म्हणून पुन्हा प्रश्नच घेऊन परत येणारी बाई नाही. त्या दिवशी आले.

दुखणं मात्र गेलं, आबा. हे लिहिलंच पाहिजे. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही रात्रभर झोपायला लागलात. गोळ्या निम्म्या झाल्या. कूस बदलताना तुमच्या तोंडून जो आवाज निघायचा आणि जो ऐकून महेश गॅलरीत जाऊन उभा राहायचा, तो थांबला. तुम्ही चाकांच्या खुर्चीत बसून मटार सोलायचात, टीव्हीवरच्या लोकांशी भांडायचात, पिशवीवरचे आकडे ओरडायचात. पाच महिने तुम्ही आमच्यात माणसासारखे होतात. ज्या शेकानं आजार जाणार नव्हता, त्यानं एवढं दिलं. सांगितलं होतं तेवढं दिलं. पाय वाचवायचे, ते मात्र राहिलं.

आता तुम्हाला माहीत नसलेलं.

गेला आठवडाभर यार्डातच अडकलेला महेश बुधवारी संध्याकाळी घरी आला. तुमचा पाय बघितला, हळदीचं ऐकलं, खुणांचं ऐकलं. तुम्ही त्यालाही तेच सांगितलं होतंत, मीच काढल्या. बापावर चिडता येत नाही, म्हणून त्यानं आत्यांना फोन लावला. गॅलरीत जाऊन, हळू आवाजात, म्हणजे तुम्हाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी भाकऱ्या करत होते. त्यानं त्यांना आजाराचं नाव सांगितलं. जे तुम्ही बहिणीपासून लपवलंत ते त्यांना अशा रीतीनं कळलं. आणि मग तो म्हणाला की तुम्ही त्या दिवशी हळद लावली नसती, तर आबा आज चालत असते.

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. मी हात धुऊन गॅलरीत जायला हवं होतं, फोन त्याच्या हातातून घ्यायला हवा होता. मी जळलेली भाकरी काढली आणि दुसरी थापली.

सुरुवातीला मी स्वतःला सांगितलं की महेशचा राग उतरला की तोच बोलेल. तो बोलला नाही. रविवार आला की तुम्ही बहिणीची चौकशी करायचात. मी म्हणायचे, त्यांचे गुडघे धरले आहेत. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच क्षणी फोन मागितला असता आणि यमीला सांगितलं असतं की हळदीनं काही झालं नाही, खुणा मीच चुकीच्या काढल्या. मग मला गप्प बसता आलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. बाकावर तुम्हाला तुमचं मरण सांगताना माझा आवाज हलला नव्हता. माझी एक चूक सांगायला मला पाच महिने पुरले नाहीत.

एकदा मी तुमच्याजवळ विषय काढला होता. तुम्ही खिडकीशी बसला होतात. मी विचारलं की त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीत? फोन करू नका मी म्हटलं, पेन माझं, हात माझा. तुम्ही जरा चिडूनच उत्तर दिलंत.

"मार्कर चुकला तं नाव मार्करचं लागतं. पट्टी धरनाऱ्याचं नाय."

मी म्हटलं, मी पट्टी धरणारी नव्हते. ठरवणारी मी होते. तुम्ही म्हणालात, माप माझं होतं. मी म्हटलं, कागदावर सही माझी होती. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. ते भांडण तिथेच राहिलं आहे. मला अजून वाटतं की तुम्ही चुकीचं बोललात. तुमच्या कारखान्यात ठीक असेल, पण घरात त्या नियमानं पट्टी धरणारा सुटतो आणि दाराबाहेरचं माणूस अडकतं. तुम्ही मला वाचवलंत. मी वाचले. त्यावेळी आपल्यापैकी कुणीच हे बघितलं नाही की ते ओझं तिसरीकडे जाऊन पडणार आहे.

उद्या ते मी उचलते. झालं.



वरचं परवा लिहिलं. आता पुढचं लिहून टाकते.

काल आत्या अकराच्या सुमाराला आल्या. मांडवात बसल्याच नाहीत, सरळ मागच्या पडवीत जाऊन भाजी निवडणाऱ्या बायकांत बसल्या. मी त्यांना उठवून तुमच्या खोलीत नेलं. पलंगाची गादी काढलेली होती, त्या खुर्चीवर बसल्या, मी फळीवर. मी प्रस्तावना केली नाही. रविवार सकाळपासून मंगळवार दुपारपर्यंत सगळं सांगितलं, तुम्ही फोन करायला सांगितलं होतं तेही. मग महेशला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर पुन्हा सांगितलं. तो दारात उभा राहून ऐकत होता. मधेच म्हणाला, तू तेव्हा का नाही बोललीस? मी म्हटलं, भित्री होते म्हणून. तो आत्यांच्या पायाशी खाली बसला. मग उठून पाहुण्यांकडे गेला.

आत्या रडतील, मला शिव्या घालतील, अशी माझी तयारी होती. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हाताच्या तळव्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चार येला आयले मी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी. रिक्षावाल्याला म्हनलं, फिरव."

 डॉक्टरबाईंच्या खोलीतून मी उत्तराशिवाय परत आले होते. इथे उत्तर समोर बसलं होतं. पाय कशानं गेला हे मला कधीच कळणार नाही. पण त्या चार वेळा दाराशी येऊन परत फिरल्या ते माझ्यामुळे, यात शंकेला जागा नाही.

मी उठायला लागले, पाहुण्यांची पानं मांडायची होती. आत्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "तो काय खायचा?"

मी सांगितलं. सकाळी नाचणीची पेज, दुपारी मऊ भात, बोंबील असला की जास्त. कोन भरवायचं? तुम्ही स्वतःच खायचात, शेवटचा आठवडा सोडला तर. नखं कोन कापायचा? महेश, रविवारी. सपनात बडबडायचा का? हो, वर्कशॉपमधल्या माणसांशी. माझं नाव काढायचा? मी म्हटलं, हो. किती? मी म्हटलं, दर रविवारी. त्यांनी डोळे मिटले, पण हात सोडला नाही. म्हणाल्या, तसं नको, पहिल्या दिवसापासून सांग. खुर्चीत बसवला तिथपासून.

म्हणून मी तिथपासून सुरुवात केली. खुर्ची कुठल्या रंगाची होती, पहिल्या दिवशी तुम्ही त्यात बसायला कसे तयार नव्हतात, मग चाकांना तेल घालायच्या निमित्तानं कसे बसलात. त्या मधेमधे थांबवायच्या, कुठला सदरा होता ते विचारायच्या, मग मान हलवून पुढे जाऊ द्यायच्या. बाहेर पंगत बसली. महेश दोनदा दाराशी येऊन गेला. आत्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, आणि आम्ही अजून तुमच्या त्या पाच महिन्यांतल्या दुसऱ्या महिन्यातच होतो.